पाचर

डिक्समाउदेच्या छापखान्यात
कागद होता तेवढाच रुंद
आणि पोराचं नाव होतं व्हानस्टेनकेर्केगेम.
सतरा अक्षरं. त्यात ई पाच वेळा.
जत्रेतली सायकल शर्यत रविवारी, आणि हा मंगळवार.
म्हातारा ओडील म्हणाला, नुसतं रेमी छाप,
गावात दुसरा रेमी आहे कोण?
(होता एक. खाटीक. पण तो शर्यतीत नव्हता.)

गोदेलीव्ह एकोणीस वर्षांची.
तिनं नासपतीचं लाकूड ओढलं पुढ्यात
आणि अक्षरांना सांगितलं :
घसा फाडून ओरडायचंय,
पण अंग चोरून.

पायातल्या चपला आधी काढून घेतल्या तिनं,
ती टोकांवरची नाजूक नक्षी,
जिच्यावर गावातली मयतं आणि चर्चची पत्रकं
शंभर वर्षं शिस्तीत उभी होती.
अनवाणी केली. पोट आत घ्यायला लावलं.
ओ ची उरली फट, किलकिल्या दाराएवढी.
एम नं चारही पाय जुळवले.
अंगावरचं मांस मात्र तिनं कमी केलं नाही.
शाई प्यायची ती अक्षरं, आणि मागायची.

तिरकी का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं.
वेग दिसावा म्हणून, ती सांगायची,
कारण ते ऐकणाऱ्याला सोपं जायचं.
तिथं सरळ उभं असं काही नसतंच, खरं तर.
कालव्याकाठचे पॉपलर समुद्राकडे पाठ करून वाकलेले,
दोरीवरचे पायजमे आडवे,
पाव आणायला निघालेली बाई
टोपी धरावी की स्कर्ट, या विचारात कललेली.
आणि सायकलवाले, एकमेकांच्या आडोशाला
रस्ताभर तिरपी रांग धरून.

लाकडात अक्षर उलटं कोरतात.
त्यामुळे ठोकळ्यांवर ती सतराही मागे रेललेली,
वाऱ्याला खांदा लावून.
कागदावर उतरली की पुढे झुकायची,
जणू वारा आता पाठीशी.
ही पहिली बाजू बघायला कुणी आत येत नसे.

तिरकी ओळ चौकटीत बसत नाही.
दोन्ही टोकांना एकेक त्रिकोण उरतो, रिकामा.
तिथं पाचर मारायची,
नाहीतर चाप आवळला की अख्खं नाव पुढे सांडतं.
तिनं ती कापली ओडीलच्या खुर्चीच्या पायातून.
तो मरेपर्यंत डुगडुगत बसला,
बोलला नाही काही.

रेमी एकतिसावा आला.
पुढे त्या अक्षरांनी सर्कस विकली, बाम मासा विकला,
दिवाळं निघालेल्या दुकानातल्या गाद्या विकल्या,
एकदा चुकून एक प्रार्थनासभा,
तिला तोबा गर्दी.
ई सगळ्यात आधी झिजली.

परवा तो आला. ब्याऐंशीचा, सायकलवरूनच.
एक प्रत काढतेस का, म्हणाला,
माझी राहिली नाही, बायकोनं उंदराच्या बिळात कोंबली.
गोदेलीव्हनं खण उपसले. सतराही सापडली,
पाचर एकच सापडली.
दुसऱ्या टोकाला तिनं बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा
चारदा घडी घालून ठोकला.
नाव हललं जरासं, शेवटाकडे.

त्यानं कागद हातभर लांब धरून पाहिला.
एम फाटलाय, म्हणाला.
वाळवी, ती म्हणाली.
मग त्यानं, उतारावर छातीला गार लागू नये म्हणून
पूर्वी वर्तमानपत्र घालायचा तसा,
स्वेटर वर करून कागद आत सरकवला
आणि टांग मारली.

अरे, शाई ओली आहे!
वाऱ्यात काय ऐकू जाणार.

आता घरी जाऊन तो स्वेटर काढेल
तेव्हा बनियनवर सतरा अक्षरं असतील,
उलटी, मागे रेललेली,
जशी ती फक्त तिला माहीत होती.